बालीत वर्षाच्या बोलीने घर घेताना: भाडं एवढं का, आणि ते खाली कसं आणायचं

बालीत भाडं महिन्याचं विचारू नका, वर्षाचं विचारा. नव्याने येणाऱ्या प्रत्येकाला मी हे पहिलं सांगते. माझा नवरा नुसा दुआतल्या एका हॉटेलच्या किचनमध्ये आहे आणि आम्ही सानुरला राहतो. भारतातून कुणी नवा शेफ आला, कुणी हिशेब सांभाळणारा आला किंवा ओळखीतलं कुणी लॅपटॉप घेऊन 'सहा महिने राहून बघू' म्हणत उतरलं, की घर दाखवायला स्कूटर काढणारी मीच असते. मी एजंट नाही, कमिशन घेत नाही, त्यामुळे जे आहे ते तोंडावर सांगता येतं.

आकडा ऐकल्यावर सगळ्यांचा पहिला प्रश्न एकच असतो: इथल्या हॉटेलात काम करणाऱ्याला पगार तो किती, आणि घरं एवढी महाग कशी? प्रश्न अगदी रास्त आहे. बाडुंग जिल्ह्यात, म्हणजे चांगू, सेमिन्याक, कुटा, नुसा दुआ ज्यात येतात तिथे, २०२५ सालचं किमान वेतन महिना ३५ लाख रुपियांच्या थोडं वर होतं. त्या वर्षीच्या भावाने एका भारतीय रुपयाला साधारण १८५ ते १९० रुपिया पडायचे, म्हणजे हे साधारण १९ हजार रुपये झाले. वर्षाचे सव्वाचार कोटी रुपिया. आणि चांगूतल्या दोन खोल्यांच्या व्हिलाचं वर्षाचं भाडं सांगतात वीस-पंचवीस कोटी. म्हणजे ही घरं इथल्या पगारावर जगणाऱ्यांसाठी नाहीतच. मग कुणासाठी आहेत, तेवढं कळलं की घासाघीस कुठे करायची आणि कुठे तोंड बंद ठेवायचं, हे आपोआप समजतं.

तुमची चढाओढ कुणाशी आहे

तुम्हाला वाटतं, आपल्यासारखाच दुसरा एखादा भाडेकरू हे घर बघतोय. तसं नसतं. चढाओढ आहे ती रात्रीच्या हिशेबाने पैसे मोजणाऱ्या पाहुण्याशी.

समजा, दोन खोल्या आणि छोटा पोहण्याचा तलाव असलेला व्हिला आहे आणि मालक तो बुकिंगच्या संकेतस्थळावर रात्रीला १५ लाख रुपियांनी देतो. वर्षाच्या साठ टक्के रात्री भरल्या तर झाल्या २१९ रात्री, म्हणजे जवळजवळ ३३ कोटी रुपिया. त्यातून संकेतस्थळाचं कमिशन, व्यवस्थापन बघणाऱ्याचा वाटा, साफसफाईची माणसं, वीज आणि तलावाची देखभाल वजा करा. मालकाच्या हातात वीस कोटींच्या आसपास उरतात. आता तुम्ही जाऊन म्हणालात, "आम्ही वर्षभर राहतो, शांत माणसं आहोत, दहा कोटी घ्या," तर तो हसून चहा विचारेल आणि विषय बदलेल. बालीतला माणूस तोंडावर 'नाही' म्हणत नाही, पण चहा आला की नाही म्हटलं असं समजायचं.

हे मी अंदाजाने बोलत नाही. त्याचा पडताळा कोविडच्या काळात आला. २०१९ मध्ये बालीत ६२ लाखांहून जास्त विदेशी पर्यटक आले होते. २०२१ मध्ये बेटाचं विमानतळ विदेशी पाहुण्यांना जवळपास बंदच होतं. अख्ख्या वर्षात थेट बालीत उतरलेले विदेशी शंभरसुद्धा भरले नाहीत. घरं तीच, मालक तेच, पण एरवी रात्रीवर चालणारे व्हिला मालक महिन्याच्या बोलीने, मागाल त्या भावाला द्यायला तयार होते. तेव्हापासून इथे असलेल्या लोकांकडून त्या भाड्यांच्या कहाण्या ऐकल्या की आम्ही नुसते उसासे टाकतो. २०२४ मध्ये आकडा परत ६३ लाखांच्या पुढे गेला आणि भाडीही त्याच्याबरोबर वर गेली. बेटाची स्वतःची लोकसंख्या आहे अवघी ४३-४४ लाख. आणि हो, या पाहुण्यांत ऑस्ट्रेलियनांच्या खालोखाल नंबर आपल्या भारतीयांचाच आहे, त्यामुळे बोटं मोडताना जरा बेतानेच मोडावीत.

मालकामागेही कुणीतरी लागलेलं असतं

ज्याला तुम्ही मालक समजता, तो बहुतेक वेळा जमिनीचा मालक नसतो. इंडोनेशियाच्या १९६० च्या जमीन कायद्यानुसार 'हाक मिलिक', म्हणजे पूर्ण मालकी, फक्त इंडोनेशियन नागरिकालाच मिळते. शिवाय बाली कुटुंबाच्या आवारात कुलदेवतांची मंदिरं असतात, पूर्वजांची जागा असते. ती विकायची म्हणजे घरात मोठा वाद. म्हणून जमीन विकण्यापेक्षा पंचवीस-तीस वर्षांच्या भाडेपट्ट्याने देण्याकडे कल जास्त. जमीन 'आर'वर मोजतात. आपल्या सातबाऱ्यावरचा तोच आर, शंभर चौरस मीटरचा, गुंठ्याच्या जवळपास. भाव सांगतात तो दर आरामागे, दर वर्षाचा. आणि पैसे मात्र सगळ्या वर्षांचे एकदम द्यायचे.

परत एक हिशेब मांडू. दोन आर जागा, दर आरामागे वर्षाला दोन कोटी रुपिया धरले, पट्टा पंचवीस वर्षांचा. शंभर कोटी रुपिया पहिल्याच दिवशी गेले. त्यावर १२० चौरस मीटरचं घर, चौरस मीटरला ८० लाख धरले तर आणखी ९६ कोटी. म्हणजे जवळजवळ दोनशे कोटी रुपिया अडकले, आणि पट्टा तर रोज एकेका दिवसाने संपतोय. पंचवीस वर्षं झाली की घर जमिनीसकट मूळ मालकाकडे परत. त्यामुळे पट्टेवाल्याला आठ-दहा वर्षांत भांडवल मोकळं करायचं असतं. दोनशे कोटींना नऊने भागा, वीस-पंचवीस कोटींचा तोच आकडा पुन्हा समोर येतो. अशा माणसाशी घासाघीस करून फार तर पाच-दहा टक्के सुटतात. तो हावरट आहे म्हणून नाही. त्याचं गणितच त्याला खाली येऊ देत नाही.

आणि इमारती उंच करून हे गणित सुटत नाही, कारण बालीत इमारत १५ मीटरच्या वर नेता येत नाही. माडाच्या उंचीएवढी, असं सगळे सांगतात. सानुरचं जुनं बाली बीच हॉटेल तेवढं दहा मजली आहे, कारण ते १९६६ चं, नियमाच्या आधीचं. म्हणजे घरं वाढणार ती आडवी, भातशेतीवरच. शेती आणि पाण्याच्या वाटपाची इथली सुबाक पद्धत २०१२ पासून युनेस्कोच्या यादीत आहे खरी, पण चांगूकडे शेतं जात चालली आहेत ती रोज डोळ्यांदेखत. सिमेंट, लोखंड, फरशी यांतलं बरंचसं जावाहून गिलिमानुकच्या फेरीने येतं, त्याचा खर्च आलाच. आणि सगळ्यांना राहायचं असतं ते विमानतळापासून तासाभराच्या आत, म्हणजे दक्षिणेच्या छोट्याशा टोकात. बाकी बेट रिकामं नाही, पण तिथे रात्रीचा पाहुणा कमी. आपली वाट तिथूनच निघते.

पाहुणा जिथे जात नाही तिथे शोधा

स्वस्त घराचा एकच मार्ग मला माहीत आहे: रात्रीच्या पाहुण्याला ज्याचा उपयोग नाही असं घर शोधायचं. त्याला तलाव हवा, शेताचा देखावा हवा, समुद्र चालत जाण्याइतका जवळ हवा, चालत कॉफी हवी. या चारपैकी तीन गोष्टी सोडून द्यायची तयारी असेल तर भाडं निम्म्यावर येतं, कधी त्याहूनही खाली.

बालीची राजधानी देनपासार, तिथला रेनोन हा सरकारी कचेऱ्यांचा भाग मला मनापासून आवडतो. झाडं आहेत, धावायला मैदान आहे, शाळा-दवाखाने आहेत आणि पर्यटक दिसत नाही. सिडाकार्य, सेसेतान इथेही साधी स्थानिक घरं मिळतात. सानुर समुद्राला लागून असलं तरी मुख्य रस्त्याच्या पश्चिमेला गेलात की भाव उतरतो. केरोबोकान एके काळी स्वस्त होतं. आता चांगूची गर्दी तिकडे सांडली आहे. नुसा दुआला नोकरी असेल तर जिंबारान बघावं, पण तो सगळा बुकित नावाचा दक्षिण टोकाचा भाग चुनखडीचा, जमिनीत पाणी टिकत नाही, कित्येक घरांना टँकरच. टँकरचा खर्च भाड्यात धरूनच घर बघायचं. उत्तरेला सिंगाराजा-लोविना खरोखर स्वस्त आहे, पण विमानतळापासून अडीच-तीन तास आणि मधे डोंगर. निवृत्त माणसाला उत्तम, रोज ड्यूटीला जाणाऱ्याला नाही.

नकाशावरच्या किलोमीटरांवर विश्वास ठेवू नका. सानुरहून नुसा दुआला जायला २०१३ मध्ये सुरू झालेला समुद्रावरचा बाली मंदारा टोल रस्ता आहे, त्याला वेगळी दुचाकी मार्गिकाही आहे, म्हणून सानुर परवडतं. चांगूहून तेवढ्याच अंतराला संध्याकाळी दीड तास सहज. घर ठरवण्याआधी ज्या वेळेला कामावर जाणार त्याच वेळेला एकदा ते अंतर स्कूटरवर काढून बघायचं. हा सल्ला सगळे ऐकतात आणि निम्मेच पाळतात.

घराच्या प्रकाराबद्दल थोडक्यात. 'कोस' म्हणजे एकेक खोली, बहुधा महिन्याच्या बोलीने. एकट्या माणसासाठी सगळ्यात सोपं. देनपासारमध्ये साधी खोली दहा-वीस लाख रुपियांत मिळते. चांगूत एसी, गरम पाणी, गादी असलेली तीच खोली दुपटी-तिपटीने. 'कोंत्राकान' म्हणजे स्थानिक पद्धतीचं अख्खं घर, वर्षाच्या बोलीने, बहुतेक वेळा रिकामं. पंखासुद्धा नसतो, कधी कधी दिवेही आधीचा भाडेकरू काढून घेऊन गेलेला असतो. पण कुटुंबासाठी खरी बचत इथेच. पलंग, शेगडी, फ्रिज जुन्या बाजारातून घेतले तरी पहिल्या वर्षातच पैसे वसूल होतात. तिसरा प्रकार व्हिलाचा, त्याचं गणित वर झालंच.

आपल्यासारख्यांसाठी आणखी एक: स्वयंपाकघर उघडून बघा. कोसमध्ये ते सामाईक असतं आणि बहुतेकांना फक्त नूडल्स उकळायच्या असतात. फोडणीचा धूर काढायला खिडकी नसेल तर शेजाऱ्यांशी तुमचं फार काळ पटणार नाही.

केव्हा आणि कसं शोधायचं

जुलै-ऑगस्ट आणि डिसेंबरचा शेवट ते जानेवारीची सुरुवात, या काळात घर शोधायला निघूच नका. पहिल्यांदा आलात तर महिनाभर एखाद्या गेस्ट हाउसमध्ये राहा आणि शोध घ्यायचा तो फेब्रुवारी-मार्चात किंवा ऑक्टोबर-नोव्हेंबरात. मला स्वतःला फेब्रुवारी आवडतो, कारण पावसाळा भरात असतो. गळती, भिंतीची ओल, कपाटातली बुरशी, गल्लीत गुडघाभर साठणारं पाणी, सगळं त्या एका भेटीत कळतं. ऑगस्टमध्ये बालीतलं कोणतंही घर देखणंच दिसतं.

इंटरनेटवर इंग्रजीत जाहिरात असलेलं घर म्हणजे भावाला एक थर आधीच चढलेला. फेसबुकवर इंडोनेशियन भाषेतले गट असतात. 'दिकोंत्राक्कान' आणि 'दिसेवाकान', म्हणजे 'भाड्याने देणे आहे', हे दोन शब्द घालून शोधा. त्याहून चांगलं म्हणजे गल्ल्यांतून फिरा. हेच शब्द लिहिलेल्या पाट्या फाटकाला बांधलेल्या दिसतात, खाली व्हॉट्सॲप नंबर. कोपऱ्यावरच्या वारुंगमध्ये, म्हणजे छोट्या खानावळीत बसून भात खाल्ला आणि बाईंना विचारलं तर अजून पाटीही न लागलेलं घर कळतं. आमचं सध्याचं घर तसंच मिळालं. वारुंगवाल्या बाईंची चुलत जाऊ, तिचा मुलगा जाकार्ताला गेलेला, घर बंद. पाहुण्याच्या दृष्टीने त्या घरात काही नाही: समोर लाँड्री, मागे कोंबड्यांची खुराडी, पहाटे चारपासून आरवणं. भाडं चांगूतल्या व्हिलाच्या चौथाईहून कमी.

घर बघताना

रंग, फरशी, बाग नंतर बघा. आधी मीटर बघा. फाटकाजवळ भिंतीवर पीएलएनची, म्हणजे सरकारी वीज कंपनीची पेटी असते आणि तिच्यावर घराची क्षमता लिहिलेली असते: १३००, २२००, ३५०० व्हीए (व्होल्ट-अँपिअर) वगैरे. १३०० वर एक एसी आणि पाण्याचा पंप एकदम चालला तरी वीज उडू शकते. दुसरा एसी लावायचा विचारच सोडा. १३०० आणि २२०० च्या घरगुती जोडणीला युनिटचा दर १,४४४.७० रुपिया, ३५०० आणि वरच्याला १,६९९.५३. मीटर बहुतेक ठिकाणी प्रीपेड. दुकानातून किंवा मोबाइलवरून टोकन घ्यायचं, वीस आकडी नंबर येतो, तो मीटरच्या बटणांवर दाबायचा. शिल्लक संपत आली की मीटर लाल दिव्यासकट टीं टीं ओरडायला लागतं, आणि ते नेमकं रात्री ओरडतं. घर बघायला गेलात की सगळे एसी, गिझर, पंप, इस्त्री, जे असेल ते एकाच वेळी चालू करा. मालक चमत्कारिक नजरेने बघतील, बघू द्या.

मग पाणी. बहुतेक घरांना बोअर आणि वर टाकी. समुद्राजवळच्या भागात बोअरचं पाणी मचूळ होत चाललं आहे. तोंडात घ्यायची गरज नाही. नळाच्या तोंडावर पांढरा थर आहे का बघा, आणि हाताला साबण लावून फेस येतो का बघा. फेस येत नसेल तर केस आणि कपडे वर्षभर त्याच पाण्यात धुवायचे आहेत हे लक्षात घ्या. प्यायचं पाणी मोठ्या बाटल्यांमधून, 'गालोन'मधून येतं. घरपोच कोण देतं ते शेजारी सांगतात.

तिसरी गोष्ट शेजारची मोकळी जागा. खिडकीतून हिरवंगार शेत दिसतंय म्हणून जास्त पैसे द्यायला निघाला असाल तर विचारा, शेत कुणाचं, पट्ट्याने गेलंय का. ओळखीच्या एका जोडप्याने शेताकडे तोंड करून असलेलं घर घेतलं आणि भात कापला गेला त्याच महिन्यात तिथे खोदकाम सुरू झालं. वर्षभर सकाळी सातपासून फरशी कापण्याच्या यंत्राचा आवाज. करारात देखाव्याची हमी कुणी देत नाही.

कागद आणि पैसे

घर पसंत पडलं की मालकाचं ओळखपत्र आणि जमिनीचं प्रमाणपत्र बघायला मागा. देणारा स्वतः पट्टेवाला असेल तर त्याचा मूळ करार मागा आणि त्यात दोनच गोष्टी शोधा: पट्ट्याची किती वर्षं उरली आहेत, आणि पोटभाडेकरू ठेवायची परवानगी आहे का. घर कायदेशीर जागेवर उभं आहे ना, हेही विचारायला लाजू नका. जुलै २०२५ मध्ये उलुवातूजवळच्या बिंगिन किनाऱ्यावरची कड्यावरची बांधकामं सरकारने पाडली, कारण ती सरकारी जागेवर होती. वर्षांनुवर्षं धंदा चालू होता म्हणून काही वाचलं नाही.

करार इंडोनेशियन भाषेत हवाच. इंडोनेशियन व्यक्तीशी केलेल्या कराराबद्दल २००९ चा कायदा तसं सांगतो. शेजारी इंग्रजी रकाना असला तर उत्तम, पण फक्त इंग्रजी कागदावर सही करू नका. त्यावर १०,००० रुपियांचं 'मेतेराई', म्हणजे आपला महसुली स्टँप, आणि सही त्याच्यावर आली पाहिजे. किंमत कुणी डॉलरमध्ये सांगत असेल तर हसून रुपियात लिहून घ्या. देशातले व्यवहार रुपियातच करायचे असा २०११ चा कायदा आहे, आणि विनिमयाचा फटकाही वाचतो.

भाड्याच्या उत्पन्नावर मालकाला दहा टक्के कर असतो. सांगितलेला भाव कर धरून आहे की कर सोडून, हे पहिल्याच बैठकीत विचारा. नाहीतर सही करायच्या दिवशी आकडा दहा टक्क्यांनी फुगतो. तसंच बंजारची वर्गणी कुणी द्यायची, कचऱ्याचे पैसे कुणी, एसीची सफाई कुणी, छत गळलं तर कुणी, हे सगळं एकेका ओळीत लिहून घ्या. बंजार म्हणजे वस्तीची सभा, आणि तिचा शब्द तिथे चालतो. मालक भला असला तरी बंजारशी वाकडं घेऊन राहता येत नाही.

आता वर्षाचे पैसे आगाऊ. हे टळत नाही, आणि सुरुवातीला ते फार डोळ्यांवर येतं. पण घासाघीस करायची जागा नेमकी इथेच आहे. स्थानिक मालकाला एकगठ्ठा रक्कम हवी असते, कारण तिचं काहीतरी ठरलेलं असतं: मुलाचं लग्न, वयात आलेल्या मुलांचे दात कानशीने घासून सपाट करण्याचा विधी, घरातल्या मंदिराची दुरुस्ती, कुणाचं अंत्यसंस्काराचं मोठं कार्य. "दोन वर्षं घेतो, सगळे आज देतो" म्हटलं की भाव हलतो. नुसतं "कमी करा" म्हटल्याने हलत नाही. आमच्या इबूंच्या, म्हणजे घरमालकीणबाईंच्या ओसरीवर मी "बिसा कुरांग, बू?" (कमी होईल का, बाई?) म्हणून विचारलं, तर त्या गोड हसल्या आणि केळ्याची भजी पुढे केली. दोन वर्षांचं बोलल्यावर मात्र आत जाऊन नवऱ्याशी बोलून आल्या आणि दुसऱ्या वर्षाचं भाडं पहिल्यापेक्षा कमी लावायला तयार झाल्या. अर्थात पहिल्यांदाच येणाऱ्याने दोन वर्षं बांधून घेऊ नयेत. सहा महिन्यांचा भाव महिन्यामागे थोडा चढा पडला तरी चालेल, आधी तेवढंच घ्या.

पैसे बँकेतूनच पाठवा, मालकाच्या नावाच्याच खात्यावर. एजंटच्या, भाच्याच्या, 'मॅनेजर'च्या खात्यावर नाही. आणि घर प्रत्यक्ष बघितल्याशिवाय एक रुपियाही नाही. फोटो पाठवून 'आजच बुक करा, दुसरं गिऱ्हाईक आहे' म्हणणाऱ्याला ते दुसरं गिऱ्हाईक खुशाल मिळू द्या.

व्हिसा आधी, घर नंतर

पोहोचल्यावर मिळणारा व्हिसा ३० दिवसांचा, ५ लाख रुपिया, एकदा ३० दिवस वाढतो. शिवाय १४ फेब्रुवारी २०२४ पासून विदेशी पर्यटकांना बालीची दीड लाख रुपियांची वेगळी पट्टी आहे. साठ दिवसांच्या व्हिसावर वर्षाचं घर घेणारे लोक मी पाहिले आहेत. घर राहतं बालीत आणि ते राहतात परत गावी. नोकरीचा राहण्याचा परवाना हातात आला की मगच वर्षाचा करार. बाहेरच्या कंपनीसाठी लॅपटॉपवर काम करणाऱ्यांना वर्षाचा वेगळा व्हिसा आहे, पण त्याला वर्षाला किमान ६०,००० डॉलरचं उत्पन्न दाखवावं लागतं.

काही जण फार हुशारीने विचारतात: "मोठा व्हिला वर्षाने घेऊ आणि खोल्या पाहुण्यांना रात्रीने देऊ, भाडं सुटेल." पर्यटक व्हिसावर असा धंदा केला तर थेट परत पाठवतात, आणि शेजारीच कळवतात. तितकंच धोक्याचं दुसरं आमिष म्हणजे 'इथल्या माणसाच्या नावावर जमीन घेऊन टाका'. १९६० च्या कायद्यानुसार परकीयासाठी केलेला असा व्यवहार रद्दबातल ठरतो. पैसे तुमचे आणि जमीन त्याची, यावर कोर्टात बोलायला तुमच्याकडे काही उरत नाही.

सही झाली की पासपोर्टची प्रत मालकाला द्या. घरात परकीय राहायला आल्याची माहिती विचारली गेली तर ती इमिग्रेशनला देणं त्याची जबाबदारी असते. बंजारच्या प्रमुखाला जाऊन भेटा, ओळख करून द्या. न्येपीचा, म्हणजे बाली नववर्षाच्या मौनाचा दिवस आधीच विचारून ठेवा, २०२६ चा न्येपी १९ मार्चचा. चोवीस तास दिवे नाहीत, रस्त्यावर पाऊल नाही, विमानतळसुद्धा बंद. आदल्या दिवशी दुपारपर्यंत भाजी-दूध घरात आणि मीटरमध्ये टोकन भरलेलं पाहिजे.

नूतनीकरणाचं बोलणं करार संपायच्या तीन महिने आधी सुरू करा, कारण शेवटच्या महिन्यात मालकाला तुमची निकड कळते. दरम्यान आसपासच्या दोन-तीन कोंत्राकानचे भाव विचारून ठेवा, आणि वर्षभरात घरात तुम्ही काय काय दुरुस्त केलं त्याचे फोटो जवळ असू द्या. पंपाची मोटर बदलली, छताची दोन कौलं घातली, हे आकडा कमी करायला उपयोगी पडतं. फक्त हा विषय गालुंगान या बालीतल्या मोठ्या सणाच्या आठवड्यात काढू नका. घराघरात वेळूचे पेन्जोर, म्हणजे सजवलेले उंच खांब उभे करायची, नैवेद्याची गडबड असते, पैसाही त्यात गेलेला असतो. गालुंगाननंतर दहा दिवसांनी कुनिंगान हा त्याचा समारोपाचा सण येतो. तो उरकला की फळांची परडी घेऊन जा आणि नव्या वर्षाचा आकडा तुम्ही आधी बोला.